आकडा कुणाचा

लॅबमधल्या ताईंना चौकशी संपेपर्यंत घरी बसायला सांगितलंय, ही बातमी धाकटीला सासूबाईंकडून कळली. खरं तर दोघी एकाच हॉस्पिटलात कामाला होत्या. ताई तळमजल्यावरच्या लॅबच्या मुख्य तंत्रज्ञ आणि धाकटी वरच्या मजल्यावर कॉम्प्युटर विभागात. ताई म्हणजे तिची थोरली नणंद. घरंही एकाच इमारतीत. वरच्या घरात ताई एकट्या, खालच्या घरात धाकटी, तिचा नवरा आणि सासूबाई. पण सासूबाईंचं खुब्याचं हाड मोडलं तेव्हा त्यांना कुणी सांभाळायचं यावरून दोघींची जुंपली. धाकटीने पलंगाला घंटीचं बटण बसवून घेतलं होतं, ते बघून ताई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "माणसाची सेवा म्हणजे बटणं दाबणं नव्हे." तेव्हापासून दोघींचं विळ्या-भोपळ्याचं सख्य. घरातले निरोप सासूबाईंमार्फत जायचे आणि हॉस्पिटलातले ईमेलने. "माझं पोस्ट ऑफिस केलंय दोघींनी," सासूबाई म्हणायच्या, "तेही बिनपगारी."

त्या दिवशी मात्र सासूबाई थट्टेच्या पवित्र्यात नव्हत्या.

"सकाळपासून दार लावून बसलीय. जेवायलाही खाली आली नाही. काय झालंय ते तू तरी बघ."

झालं होतं ते असं. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी एक बेकरीवाला दाखल झाला होता. धडधाकट माणूस, पहाटे उठून पोती उचलणारा. त्याच्या रक्तातलं पोटॅशियम रिपोर्टमध्ये भलतंच जास्त आलं, जवळजवळ सातच्या घरात. एवढ्या आकड्याला हृदय बंद पडू शकतं, म्हणून वॉर्डातल्या डॉक्टरांनी ताबडतोब ते उतरवायची औषधं सुरू केली. मुळात आकडा जास्त नव्हताच. बेकरीवाल्याला दरदरून घाम फुटला, हातपाय गळाले, शुद्ध हरपली. पुन्हा रक्त तपासलं तेव्हा खरा प्रकार लक्षात आला. माणूस वाचला, पण थोडक्यात.

मग शोध सुरू झाला. रक्त तपासणाऱ्या यंत्राच्या स्वतःच्या नोंदीत बेकरीवाल्याचा आकडा चार होता, अगदी निरोगी. यंत्रातून तो लॅबच्या कॉम्प्युटरमध्ये जातो, तिथला प्रोग्राम त्याला रोग्याचं नाव जोडतो, ताई पडद्यावर बघून 'मंजूर' करतात आणि रिपोर्ट वॉर्डात जातो. म्हणजे चाराचे सात झाले ते या मधल्या वाटेवर. त्या वाटेवर दोनच गोष्टी होत्या, एक प्रोग्राम आणि दुसऱ्या ताई. ताईंना आकडा हाताने बदलायचा अधिकारही होता.

"मी हात लावलेला नाही," ताईंनी चौकशीत सांगितलं होतं. "आणि माझ्या हातून आकडा चुकत नाही."

हे दुसरं वाक्य त्यांनी बोलायला नको होतं. चौकशी करणाऱ्या डॉक्टरबाई शांत स्वभावाच्या होत्या, पण कधीच न चुकणाऱ्या माणसांवर त्यांचा विश्वास नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॉम्प्युटर विभागाच्या साहेबांनी धाकटीला बोलावलं. लॅबच्या कॉम्प्युटरमधल्या प्रोग्रामच्या फायलींत कुणी फेरफार केलाय का, ते तपासायचं होतं.

"मी ते करू नये, साहेब," धाकटी म्हणाली. "ताई माझ्या नणंद आहेत. उद्या लोक म्हणतील, आपलेच दात आपलेच ओठ."

साहेब हसले. "तुमचं दोघींचं किती गूळपीठ आहे ते कँटीनमध्ये कप विसळणाऱ्यालाही माहीत आहे. तुम्ही त्यांना वाचवायला जाल असं इथे कुणीही म्हणणार नाही. आणि दुसरं, हे काम येणारं आपल्याकडे दुसरं आहे कोण?"

धाकटीने तरी एक अट घातली. ती जे काही करेल ते डॉक्टरबाईंनी शेजारी बसून बघायचं. साहेबांनी मान्य केलं.

लॅब लांबट होती. एका भिंतीला ओट्यासारखं टेबल, त्यावर रक्ताच्या नळ्यांचे स्टँड, टोकाला फ्रिजएवढं ते यंत्र आणि त्याच्या शेजारी कॉम्प्युटर. ताईंची खुर्ची रिकामी होती. खुर्चीच्या पाठीला त्यांचा लॅबचा कोट लटकत होता. धाकटीने तो उचलून खुंटीला अडकवला आणि बसली. फायली तपासणारा एक पहारेकरी प्रोग्राम त्या कॉम्प्युटरवर होताच. तिने तो चालवला. थोड्या वेळाने पडद्यावर हिरवी ओळ आली: सर्व फायली मूळ स्वरूपात, फेरफार आढळला नाही.

साहेब मागेच उभे होते. "संपलं. प्रोग्राम स्वच्छ आहे." त्यांच्या आवाजात सुटका होती. प्रोग्राम स्वच्छ म्हणजे त्यांचा विभाग स्वच्छ.

धाकटी हिरव्या ओळीकडे बघत राहिली. खरं सांगायचं तर तिच्या मनाच्या एका कोपऱ्यात कुणीतरी खूश झालं होतं. कधीच न चुकणाऱ्या ताई चुकल्या. बटणं दाबणाऱ्या बाईने बटण दाबलं आणि निकाल लागला. पण तो कोपरा तिला आवडला नाही. शिवाय ती हिरवी ओळही तिला पटत नव्हती, जरा फारच लवकर आली होती.

"अजून संपलं नाही," ती म्हणाली.

"का?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"प्रत्येक फाइलचा ठसा काढता येतो, अंगठ्याचा काढतात तसा. फाइलमधलं एक अक्षर बदललं तरी ठसा पार वेगळा येतो. हा पहारेकरी आजचे ठसे काढतो आणि मूळ ठशांशी ताडून बघतो."

"मग जुळले ना?"

"जुळले. पण मूळ ठसे ठेवलेत कुठे? याच कॉम्प्युटरमध्ये. पहारेकरी राहतो कुठे? तोही यातच. ज्याला फाइल बदलता आली त्याला ठसाही बदलता येईल. शेत कुणी खाल्लं, ते आपण कुंपणालाच विचारतोय."

डॉक्टरबाईंनी चष्मा काढून तिच्याकडे पाहिलं. "नणंद आहे म्हणून तर हे सुचत नाही ना तुम्हाला?"

"असेल तसं कदाचित. म्हणूनच तुम्ही शेजारी बसा."

साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं, कपाळाला आठ्या घातल्या, पण नको म्हणाले नाहीत.

त्या दिवशी लॅबचं काम बाजूच्या जुन्या कॉम्प्युटरवर हलवलं. धाकटीने आधी संशयित कॉम्प्युटरच्या डिस्कची हुबेहूब प्रत काढली, मूळ डिस्कवर एक अक्षरही लिहिलं जाणार नाही अशा बेताने. पुढचं सगळं त्या प्रतीवर. आपल्या विभागातल्या दुसऱ्या मशीनवर तिने नवा कोरा पेनड्राइव्ह तयार केला आणि ती प्रत जोडलेला कॉम्प्युटर त्याच्यावरूनच सुरू केला. म्हणजे आतला पहारेकरी झोपलेलाच राहिला आणि बाहेरचा परका पहारेकरी घरात फिरून आला. मूळ ठसे तिने प्रोग्राम बनवणाऱ्या कंपनीच्या मुख्य कार्यालयातून मागवले. पण एकाच तोंडावर विसंबायचं नाही म्हणून, प्रोग्राम पहिल्यांदा बसवला तेव्हाची सीलबंद डिस्क भांडारातून काढून तिच्याशीही ते पडताळले.

निकाल आला तेव्हा डॉक्टरबाईंनी तोंडावर हात ठेवला. पडद्यावर लाल ओळींची रांग लागली होती.

"एवढ्या फायली बदलल्यात?"

"थांबा," धाकटी म्हणाली. "साप साप म्हणून भुई धोपटायला नको. कंपनी मधूनमधून डिस्कवर सुधारणा पाठवते. त्यामुळेही फाइल बदलते, पण तो बदल हक्काचा."

मग कंटाळवाणं काम सुरू झालं. एकेक लाल ओळ घ्यायची, कंपनीने पाठवलेल्या सुधारणांत शोधायची, ठसा जुळला की बाजूला करायची. डॉक्टरबाई वाचून दाखवत होत्या, धाकटी ताडत होती. मध्ये चहा आला आणि तसाच निवला. दुपार उतरणीला लागली तेव्हा रांगेत दोनच ओळी उरल्या होत्या. एक, मूळ ठसे साठवलेली पहारेकऱ्याची फाइल. दुसरी, यंत्रातून आलेल्या आकड्याला रोग्याचं नाव जोडणारी फाइल. या दुसरीचा आकार मूळ फाइलएवढाच होता, तारीखही जुनीच होती. वरवर बघणाऱ्याला काहीही वेगळं दिसलं नसतं. ठसा मात्र पूर्ण निराळा होता.

धाकटीने कंपनीच्या मुख्य कार्यालयाला फोन लावला. पलीकडच्या बाईंनी ठसा दोनदा वाचून घेतला. बराच वेळ नुसती बटणं वाजत होती.

"ही फाइल आमची नाही," त्या शेवटी म्हणाल्या.

साहेब खुर्चीत बसले. सकाळची सुटका त्यांच्या चेहऱ्यावरून उतरली होती. "म्हणजे बाहेरचं कुणी घुसलं?"

"बाहेरचं असेलच असं नाही. या कॉम्प्युटरला इंटरनेट नाही, बाहेरचा रस्ताच नाही. इथे बसूनच कुणीतरी केलंय." धाकटी साहेबांकडे वळली. "दुरुस्तीला कोण आलं होतं शेवटी?"

कंपनीचा एक इंजिनिअर उन्हाळ्याच्या तोंडाला येऊन गेला होता. त्याचा नंबर साहेबांकडे होताच. फोन स्पीकरवर टाकला. आवाज तरुण होता आणि आधी मोकळाढाकळा होता.

"हो, आलो होतो. कॉम्प्युटर मधेच अडकायचा. दोन नमुने एकाच क्षणी आले की घोडं पेंड खायचं. दुसऱ्या एका लॅबमध्ये मी त्यावर तोड काढली होती, तीच तुमच्याकडे टाकली. चाललं ना नीट?"

"आणि पहारेकऱ्याचे ठसे?" धाकटीने विचारलं.

"तो सारखा ओरडायला लागला, फाइल बदलली म्हणून. मुख्य कार्यालयाची मंजुरी यायला महिने लागतात. म्हणून फाइलची तारीख जुनी ठेवली, आकारही तेवढाच केला आणि त्याला नवा ठसा देऊन गप्प केलं. मंजुरी आली की रीतसर करणार होतो." आता त्याचा आवाज सावध झाला होता. "काही बिघडलं का?"

"तुमची तोड नक्की करते काय? दोन नमुने एकदम आले तर?"

"एकाला क्षणभर थांबवते आणि दुसऱ्याला पुढे सोडते. सोपं आहे."

"आकड्याला थांबवते?"

"हो."

"आणि नाव?"

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला.

"नाव..." इंजिनिअर म्हणाला. "नाव तोपर्यंत पुढे गेलेलं असतं."

डॉक्टरबाई हळूच म्हणाल्या, "म्हणजे आकड्यांची अदलाबदल झाली. बेकरीवाल्याला दुसऱ्याच कुणाचा आकडा गेला." आणि मग एकदम ताठ बसल्या. "मग तो सात कुणाचा होता?"

या आठवड्यात कुणीतरी हॉस्पिटलातून 'सगळं छान आहे' असा कागद घेऊन घरी गेलं होतं आणि त्याच्या रक्तात सात पोटॅशियम होतं.

यंत्राच्या स्वतःच्या नोंदीत ते सापडणार होतं, पण त्या नोंदी नळीच्या क्रमांकाने होत्या, नावाने नव्हत्या. त्या दिवशी कुठली नळी कुठून आली हे झटकन सांगू शकेल असं एकच माणूस होतं. धाकटीने आपला फोन काढला. ताईंचा नंबर तिच्याकडे होता. तो तिने कधी पुसला नव्हता आणि लावलाही नव्हता.

"ताई, मी बोलतेय."

पलीकडून ताईंचा कोरडा आवाज आला. "आईला काही झालं का?"

"आई बऱ्या आहेत. लॅबमध्ये या. चूक प्रोग्रामची निघाली, तुमची नाही. पण ते नंतर. बेकरीवाल्याचा आकडा दुसऱ्या कुणाशी तरी बदललाय. ते कोण ते तुम्हीच शोधू शकाल."

ताईंनी पुढे एकही प्रश्न विचारला नाही. "आलेच," म्हणाल्या आणि फोन ठेवला.

त्या आल्या तेव्हा पायात घरातल्याच चपला होत्या. केस कसेतरी बांधलेले, डोळे सुजलेले. कुणाकडे न बघता त्या थेट यंत्रापाशी गेल्या, कळा दाबत नोंदी मागे नेल्या आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

"ही. त्याच क्षणाची आहे. बाह्यरुग्ण विभागातली नळी. हिरव्या झाकणाची, मला आठवतंय. बस चालवणाऱ्या एक बाई होत्या. रक्तदाबाची गोळी नवी सुरू केलीय, थकवा येतो म्हणत होत्या."

डॉक्टरबाईंनी नाव-पत्ता काढून फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला, पुन्हा वाजला. मग बस आगाराला फोन केला. तिथल्या माणसाने सांगितलं, बाई गाडीवर आहेत आणि गाडी चालवताना फोन घ्यायचा नाही असा आमचा नियम आहे. गाडी अर्ध्या तासात शेवटच्या थांब्यावर लागेल.

"थांबा हॉस्पिटलच्या जवळच आहे," ताई म्हणाल्या. "मी जाते."

"मीही येते," धाकटी म्हणाली.

दोघी जवळजवळ पळतच निघाल्या. रस्त्यावर दुकानांची दारं उघडी होती, शाळा सुटलेली मुलं फुटपाथभर पसरून चालली होती. ताईंची एक चप्पल सारखी निसटत होती. एकदा त्या अडखळल्या तेव्हा धाकटीने त्यांचा दंड धरला आणि थांबा येईपर्यंत सोडला नाही.

"तू म्हणालीस चूक माझी नाही," चालता चालता ताई म्हणाल्या. "तुला आधीपासून तसं वाटत होतं?"

"नाही," धाकटी म्हणाली. "आधी मला वाटलं, तुम्हीच चुकलात."

ताई पुढे बघत चालत राहिल्या. "मग शोधलंस कशाला?"

"पहारेकऱ्याची साक्ष पटली नाही म्हणून."

बस आली. प्रवासी उतरले आणि सगळ्यांत शेवटी चालकाच्या दारातून एक उंच, रुंद खांद्यांच्या बाई उतरल्या. उतरताना त्यांनी दांडी घट्ट धरली होती आणि खाली पाय टेकल्यावर क्षणभर तशाच उभ्या राहिल्या. ताईंनी ते पाहिलं.

"तुमचं रक्त मीच घेतलं होतं," ताई पुढे होत म्हणाल्या. "आठवतं?"

"हो हो. रिपोर्ट चांगला आला. थकवा काही जात नाही, पण वय झालं म्हणायचं."

"रिपोर्ट चुकीचा होता. आमच्याकडून दुसऱ्याचा आकडा तुमच्या नावावर गेला. तुम्हाला आत्ता आमच्याबरोबर यायला हवं."

बाईंनी दोघींकडे आळीपाळीने पाहिलं. एकीच्या पायात घरातल्या चपला, दुसरीच्या गळ्यात हॉस्पिटलचं ओळखपत्र. "आत्ता कसं येऊ? पुढची फेरी माझी आहे. लोक खोळंबतील. उद्या सकाळी येते की."

"तुमच्या रक्तात एक क्षार फार वाढलाय," ताई म्हणाल्या. "त्याने हृदयाचे ठोके चुकतात. कधी चुकतील ते सांगता येत नाही. घरात चुकतील किंवा चौकात, गाडी भरलेली असताना."

बाईंच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. त्यांनी मागे वळून बसकडे पाहिलं. पुढच्या फेरीचे प्रवासी रांग लावून उभे होते, एक आजोबा, कडेवर मूल घेतलेली एक आई. मग त्यांनी खिशातून किल्ली काढून थांब्यावरच्या नियंत्रकाच्या हातात दिली.

"दुसरा माणूस बोलवा," त्या म्हणाल्या. "मला बरं नाही."

हॉस्पिटलात पोचल्या पोचल्या डॉक्टरबाईंनी त्यांच्या छातीला तारा लावल्या. कागदावर उमटलेली रेघ बघून त्यांनी नुसती मान हलवली आणि नर्सला औषधं आणायला सांगितलं. नवीन गोळीने बाईंच्या मूत्रपिंडांवर ताण आला होता आणि पोटॅशियम साचत गेलं होतं. अजून थोडे दिवस गेले असते तर काय झालं असतं ते कुणी उच्चारलं नाही. संध्याकाळपर्यंत रेघ सुधारली. बाईंनी आगारात फोन करून विचारलं, फेरी वेळेवर गेली का. गेली होती.

दुसऱ्या दिवसापासून ताई कामावर आल्या. डॉक्टरबाईंनी त्यांना आणि धाकटीलाच एकत्र बसवलं. यंत्राच्या नोंदी एका बाजूला आणि इंजिनिअर येऊन गेल्यापासूनचे सगळे रिपोर्ट दुसऱ्या बाजूला ठेवून एकेक ताडायचा होता. इंजिनिअरही आला. त्याने मान खाली घालून आपल्या हाताने फाइल काढली, मूळची बसवली, आणि दुसऱ्या त्या लॅबलाही स्वतःच फोन करून सगळं सांगितलं. त्याने काही लपवलं नाही.

दोन नमुने एकाच क्षणी येणं तसं क्वचितच घडायचं. त्यामुळे अदलाबदली मोजक्याच निघाल्या आणि बहुतेकांत दोन्ही आकडे निरोगीच होते, कुणाचं काही बिघडलं नव्हतं. तरी प्रत्येकाला ताईंनी स्वतः फोन केला. काही जण चिडले, एकाने तर ताईंना नाही नाही ते ऐकवलं. त्यांनी ऐकून घेतलं.

काम संपत आलं तेव्हा धाकटी एका ओळीपाशी थांबली. यंत्राच्या नोंदीत साखर एकशे त्रेपन्न होती आणि रिपोर्टमध्ये एकशे पस्तीस. पण त्या क्षणी दुसरा कुठलाच नमुना आलेला नव्हता. इंजिनिअरच्या फाइलने हे होणं शक्यच नव्हतं. तिने पुढचं पाहिलं. त्या दिवशी यंत्र आणि कॉम्प्युटर यांच्यातली तार बिघडली होती आणि सकाळभर आकडे हाताने भरले होते. भरणाऱ्याच्या जागी ताईंचं नाव होतं.

ही ओळ बाकीच्यांत घातली तर कुणाला कळलंही नसतं. सगळा दोष त्या फाइलवर होताच, त्यात हा एक आणखी. रोग्याचंही नुकसान झालं नव्हतं, पुढच्याच आठवड्यात त्याची तपासणी नीट झाली होती. आणि ताईंचं नाव आत्ता कुठे स्वच्छ झालं होतं. तिने ओळीवरून नजर हलवली आणि पुन्हा तिथेच आणली.

"काय झालं?" ताईंनी विचारलं आणि खुर्ची सरकवून पडद्याकडे वाकल्या. त्यांनी ओळ वाचली. मग तारीख वाचली. मग आपलं नाव.

"हे माझं आहे," त्या म्हणाल्या.

"ताई..."

"पाच आणि तीन उलटे पडलेत माझ्या हातून. ते फाइलच्या खाती घालू नकोस."

"तुमच्यावर पुन्हा चौकशी लागेल."

"लागू दे. तू माझ्यासाठी सगळं सरळ तपासलंस. आता माझ्यासाठीच वाकडं लिहिलंस तर त्या तपासाला काय अर्थ राहिला? मग त्या पोराने केलं ते काय वेगळं? त्यानेही ओरडणाऱ्याला गप्पच केलं." त्या खुर्चीत मागे टेकल्या आणि अगदी बारीक आवाजात म्हणाल्या, "माझ्या हातून आकडा चुकत नाही म्हणाले होते मी. सगळ्यांसमोर."

"माझ्याही कानावर आलं होतं," धाकटी म्हणाली.

ताईंनी तिच्याकडे रोखून पाहिलं. मग त्यांच्या ओठांचा कोपरा हलला. धाकटीलाही राहवलं नाही. दोघी हसायला लागल्या तेव्हा शेजारच्या टेबलावरची तंत्रज्ञ मुलगी चकित होऊन बघत राहिली. या दोघींना एकमेकींशी बोलताना तिने कधी पाहिलं नव्हतं, हसताना पाहणं तर दूरच.

धाकटीने अहवालात ती ओळ वेगळी लिहिली आणि खाली कारणही लिहिलं. अहवाल वाचून डॉक्टरबाईंनी ताईंना बोलावलं. ताई परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात चुकीबद्दल लेखी समज देणारं समजपत्र होतं. पण त्यांचा चेहरा मोकळा होता.

"पुढे तार बिघडली तर एकीने आकडा भरायचा आणि दुसरीने तो वाचून ताडायचा, असं ठरलंय," त्यांनी सांगितलं. "खरं तर मीच सुचवलं. आणि त्या म्हणाल्या, लॅब पुन्हा तुमच्याच ताब्यात."

"आणखी काही?"

"म्हणाल्या, आता तुमच्यावर विश्वास बसला. आधी नव्हता म्हणे." ताईंनी समजपत्राची घडी घातली. "कमाल आहे बाईची."

पहारेकऱ्याचं घरही बदललं. मूळ ठसे आता लॅबच्या कॉम्प्युटरमध्ये राहत नाहीत. ते डॉक्टरबाईंच्या कपाटात, ज्यावर काही लिहिता येत नाही अशा डिस्कवर असतात. पडताळणी बाहेरूनच होते, आणि साहेब आता स्वतःच तिची आठवण करतात. पहिल्या पडताळणीला ताईही येऊन बसल्या. ठसा म्हणजे काय, तो उलटा फिरवून फाइल परत मिळते का, दोन फायलींचा ठसा सारखा आला तर काय, असे इतके प्रश्न त्यांनी विचारले की धाकटीला त्यातल्या एकाचं उत्तर येईना.

"हे मला बघावं लागेल," ती म्हणाली.

"बघ. मला घाई नाही," ताई म्हणाल्या. "रात्री जेवायला खाली येईन, तेव्हा सांग."

दोनेक आठवड्यांनी त्या बसचालक बाई पुन्हा रक्त द्यायला आल्या. गोळी बदलल्यापासून चेहऱ्यावर तरतरी आली होती. त्यांनी बाही वर केली आणि ताईंना विचारलं, "या वेळी आकडा माझाच येईल ना?"

"तुमचाच," ताई म्हणाल्या. "बसा इथेच. येईल तेव्हा आपण दोघी मिळून बघू."

असं कुणाला बसवून घ्यायची लॅबमध्ये पद्धत नव्हती, पण ताईंनी खुर्ची ओढून दिली. यंत्र घुमत राहिलं. बाईंनी तेवढ्यात आपल्या नव्या मार्गाबद्दल सांगितलं. तो नदीच्या कडेने जातो आणि सकाळी पहिल्या फेरीला पाण्यावर ऊन पडलेलं दिसतं. मग पडद्यावर नाव आलं आणि नावापुढे आकडा आला. चार पूर्णांक दोन. ताईंनी तो यंत्राच्या नोंदीशी ताडला, बाईंना दाखवला आणि मंजूर केला.

बाई गेल्यावर त्यांनी वरच्या मजल्यावर फोन लावला. कॉम्प्युटर विभागाचं त्यात काही काम नव्हतं.

"चार पूर्णांक दोन," त्या म्हणाल्या.

"कुणाचा?" धाकटीने विचारलं, आणि मग तिच्या लक्षात आलं.